होडीचं नाव सोडा, भागाचं माप धरा

तुमची अडचण थोडक्यात अशी. १९७४ ची, २७ फुटी, फायबरग्लासची शिडाची होडी तुम्ही घेतलीत. ती बांधणारी कंपनी कधीच बंद पडली. डोलकाठी जागेवर आहे, पण बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा, तिला जोडणारा गूजनेक तुटलाय. कॉकपिटच्या दोन विंचांपैकी, म्हणजे दोर ओढायच्या फिरत्या ड्रमांपैकी, एकच उरलाय, एका पोर्टलाइटची, म्हणजे केबिनच्या खिडकीची, चौकट फुटलीय, डोलकाठीच्या ताणतारा घट्ट करायचे चार टर्नबकल कमी आहेत, त्या तारा होडीच्या अंगाला बांधून ठेवणाऱ्या एका चेनप्लेटखाली केबिनमध्ये तपकिरी ओघळ दिसतायत आणि पाण्याखालचे सीकॉक, म्हणजे होडीच्या तळातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या तोट्या, जागचे हलत नाहीत. होडीच्या नावाने चार महिने शोधलंत आणि एकही भाग मिळाला नाही. आता विचारताय, जुने भाग मिळतात कुठे आणि त्यातले कुठले बिनधास्त घ्यावेत?

शिडाच्या जुन्या होड्या पुन्हा उभ्या करण्यात माझी तीस वर्षं गेली आहेत. या प्रश्नावर माझं पहिलं सांगणं ठरलेलं आहे: होडीच्या नावाने शोधणं आजच थांबवा.

होडी बांधणाऱ्या कंपनीचं स्वतःचं काम फार थोडं असतं. साच्यातून काढलेला हल (होडीचं अंग) आणि डेक, आतलं सुतारकाम, सुकाणू, कील (तळाशी लावलेलं जड वजन), झालंच तर नाळेवरचं पोलादी फिटिंग आणि चेनप्लेट. बाकी सगळं बाहेरून विकत आणलेलं. विंच बॅरियंटचे, बार्लोचे किंवा लूमारचे. डोलकाठीची नळी केनयन, आयझोमॅट, प्रॉक्टर किंवा केम्पची. ब्राँझची फिटिंग मेरिमन किंवा विल्कॉक्स-क्रिटेंडनची. म्हणजे तुमच्या होडीवरचा विंच त्याच काळात दुसऱ्या पन्नास प्रकारच्या होड्यांवर बसलेला आहे, आणि त्यातल्या कितीतरी होड्या आज कुठल्या ना कुठल्या यार्डच्या मागच्या अंगाला गवतात उभ्या आहेत. तुमच्या होडीच्या नावाने शोधाल तर त्या नावाच्या मोडीत निघालेल्या दोन-चार होड्याच तुमच्या वाट्याला येणार. भाग बनवणाऱ्याच्या नावाने आणि मापाने शोधाल तर सगळा समुद्रकिनारा तुमचा.

कंपनीने स्वतः बनवलेल्या चार गोष्टी तेवढ्या याला अपवाद. सुकाणूची पात, हॅचचं झाकण, नाळेवरचं फिटिंग हे मात्र त्याच जातीच्या होडीकडून मिळवावं लागतं. ज्यांच्याकडे कॅटालिना २२ किंवा वेस्टर्ली सेंटॉरसारखी हजारोंनी बनलेली होडी आहे त्यांचं हे काम सोपं असतं. कॅटालिना २२ पंधरा हजारांवर बनल्या, तर सेंटॉर १९६९ ते १९८० या काळात चोवीसशेच्या वर. अशा होड्यांच्या मालकांच्या संघटना असतात आणि कुणीतरी होडी तोडतंय ही बातमी तिथे सगळ्यात आधी पोहोचते. तुमच्या होडीची संघटना असेल तर आजच सभासद व्हा. नसेल तर तिचा आराखडा कुणी केला ते शोधा, कारण एकाच डिझायनरच्या दोन होड्यांचं सुकाणू किंवा डोलकाठीचा पाया जुळल्याचं मी बऱ्याचदा पाहिलंय. ट्रान्समच्या, म्हणजे होडीच्या मागच्या सपाट भिंतीच्या, उजव्या वरच्या कोपऱ्यात कोरलेला ओळख क्रमांक असतो, तोही उतरवून घ्या. अमेरिकेत बनलेल्या होड्यांवर नोव्हेंबर १९७२ पासून तो बारा अक्षरांचा असतो. पहिली तीन अक्षरं बांधणाऱ्याची, आणि शेवटच्या अक्षरांवरून साल कळतं. बंद पडलेल्या कंपनीचे साचे पुढे दुसऱ्याने विकत घेऊन तीच होडी वेगळ्या नावाने बनवली, असंही होतं. पहिल्या तीन अक्षरांवरून तो धागा सापडू शकतो.

आता मापांकडे. मी याच्यावर रेंगाळणार आहे, कारण जुन्या भागांच्या खरेदीतला निम्मा पैसा चुकीच्या मापापायी जातो.

एक कॅलिपर, एक आटे मोजायचा गेज, एक चुंबक, एक बारीक कानस आणि पुठ्ठ्याचे तुकडे, एवढं सामान कायम पिशवीत ठेवा. प्रत्येक हव्या असलेल्या भागासाठी वहीत एक पान करा. विंचसाठी तळाचा व्यास, ड्रमचा व्यास, उंची, बोल्टची भोकं किती आणि ती कुठल्या व्यासाच्या वर्तुळावर आहेत. पोर्टलाइटसाठी भिंतीतल्या भोकाची लांबी-रुंदी, कोपऱ्याची गोलाई आणि भिंतीची जाडी. कोपऱ्याची गोलाई आकड्यात लिहू नका, पुठ्ठा भोकावर धरून पेन्सिलने गिरवून घ्या. जुनी चौकट हाती आली की पुठ्ठा तिच्यावर ठेवला की लगेच कळतं. चौकटीला लागणारं भोक तुमच्या भोकापेक्षा जरासं मोठं असलं तर चालतं, घासून वाढवता येतं. लहान असेल तर जागेवर ठेवून द्या. काचेची मात्र काळजी करू नका. जुनं अ‍ॅक्रिलिक जाळीदार तड्यांनी आंधळं झालेलंच असतं, ते नवं कापून घ्यायचं असतं. तुम्हाला हवीय ती धातूची चौकट.

डोलकाठीची तीन मापं लिहा: पुढून मागे किती, आडवी किती, आणि शिडाची कड ज्या खाचेतून वर सरकते तिची रुंदी किती. या तीन आकड्यांवरून आणि नळीच्या आकारावरून जाणकार रिगर, म्हणजे डोलकाठ्या आणि तारांचं काम करणारा कारागीर, ती कुणाची नळी आहे ते ओळखतो. नळी ओळखली की गूजनेक, टोकाचं डोकं, तळाचा बूट, तारा बाजूला ताणून धरणाऱ्या आडव्या काठ्यांची म्हणजे स्प्रेडरची मुळं, सगळ्यांची नावं कळली.

पिना आणि आटे यांच्यावर डोळ्यांनी विसंबू नका. पाच सोळांश इंचाची पिन ७.९४ मिलिमीटरची असते. ८ मिलिमीटरच्या भोकात ती इतकी छान बसते की कुणालाही शंका येत नाही, आणि एवढ्या फरकाने तिथे काही बिघडतही नाही. पण तीन अष्टमांशाची पिन ९.५३ ची. ती १० मिलिमीटरच्या भोकात घातली तर जवळपास अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई राहते, सगळा भार एका रेषेवर येतो आणि प्रत्येक लाटेबरोबर भोक लांबट होत जातं. आट्यांचंही तसंच. पाच सोळांशाचा नट ८ मिलिमीटरच्या बोल्टवर दोन-तीन फेरे बसतो आणि मग अडतो. घाईत माणूस पाना लावून जोर करतो आणि दोन्ही आटे घालवून बसतो. जुन्या ब्रिटिश फिटिंगवर व्हिटवर्थ आटे असतात. त्यांचा कोन ५५ अंशांचा, तर मेट्रिक आणि अमेरिकन आट्यांचा ६० चा. पाण्याखालच्या फिटिंगमध्ये एक इंची ब्रिटिश पाइप आट्याला इंचाला ११ फेरे असतात, अमेरिकन आट्याला साडेअकरा. दोन फेऱ्यांत फरक जाणवत नाही, आणि अर्धवट धरलेल्या आट्यावर अख्खी होडी तरंगत राहते. प्रोपेलर घेणार असाल तर शाफ्टचा उतारही, म्हणजे टोकाकडे तो किती निमुळता होतो तेही, तपासा. अमेरिकन शाफ्ट बहुधा १६ ला १ उताराचे, युरोपातले १० ला १. भोकाचा व्यास जुळला म्हणून उतार जुळलाच असं नसतं.

शिडंही वापरलेली मिळतात, आणि त्यांची भाषा चार अक्षरांची आहे. पी म्हणजे मुख्य शिडाची डोलकाठीलगतची उंची, ई म्हणजे बूमलगतची लांबी, आय म्हणजे पुढच्या त्रिकोणाची उंची, जे म्हणजे त्याचा पाया. ही चार मापं घेऊन शिडं शिवणाऱ्याकडे गेलात तर त्याच्या माळ्यावर दुसऱ्या जातीच्या होडीचं तुम्हाला बेतणारं शीड असू शकतं. उंचीला थोडं जास्त असेल तर कापून घेता येतं. कमी असेल तरी वापरता येतं, फक्त वाऱ्याचा जोर थोडा कमी मिळतो. कापड मात्र दोन बोटांत चुरगळून पाहा. कडक कागदासारखा आवाज आणि हात म्हणजे कापडात जीव आहे. जुन्या धोतरासारखं मऊ पडलेलं असेल, शिवणीचा दोरा नखाने ओरखडल्यावर तुटत असेल, तर त्याचं दोर ठेवायच्या पिशव्यांपलीकडे काही होत नाही.

कुठे शोधायचं? होड्या तोडणारी यार्डं सगळ्यांना माहीत असतात, पण तिथला माल निवडून, पुसून, भाव लावून ठेवलेला असतो. मला सगळ्यात चांगले भाग रिगरच्या भंगाराच्या डब्यात मिळाले आहेत. रिगर जुनी डोलकाठी बदलतो तेव्हा उतरवलेली फिटिंग फेकवत नाहीत, म्हणून डब्यात पडतात. त्यांना गिऱ्हाईक नसतं, पण चांगल्या मनाने आणि हातात नेमकं माप घेऊन आलेल्या माणसाला रिगर तो डबा उपसू देतो. ‘काही जुनं मिळेल का’ असं विचारत जाऊ नका. ‘एवढ्या बाय एवढ्याची नळी, एवढी खाच, गूजनेकची पिन बारा मिलिमीटर’ असं बोललात की त्याला तुमच्यासाठी उठावंसं वाटतं.

दुसरी जागा म्हणजे स्वतःच्या होडीवर नवं बसवणारे लोक. दोर आपोआप धरून ठेवणारे सेल्फ-टेलिंग विंच आले तेव्हापासून लोक साधे विंच काढून ते बसवतायत. काढलेले साधे विंच चांगले चालणारे, जोडीनेच निघालेले असतात, आणि मालकाला ते अडगळ वाटतात. शर्यतीत भाग घेणाऱ्यांकडे तर कप्प्या, दोर अडकवायचे क्लीट, ट्रॅक यांची पेटीच असते, कारण त्यांना दर दोन हंगामांनी नवं हवं असतं. हंगाम संपताना, होड्या पाण्याबाहेर काढायच्या आठवड्यात, यार्डमध्ये चक्कर मारा. लोक तेव्हा लॉकर रिकामे करत असतात.

तिसरा मार्ग मोठा आहे: अख्खी होडीच घेणं. यादीतले सहा-सात भाग जिच्यावर आहेत अशी मोडकी होडी पुष्कळदा त्या भागांच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडते, क्वचित फुकटही. पण भाग काढून झाल्यावर उरलेला फायबरग्लासचा हल तुमचाच असतो. तो कापून विल्हेवाट लावायला, जागेच्या भाड्याला आणि वाहतुकीला जो खर्च येतो तो आधी विचारून घ्या आणि मगच हो म्हणा. कील शिशाची असेल तर भंगारात तिची चांगली किंमत येते आणि सगळा हिशेब फिरतो. बिडाची असेल तर तसं होत नाही. चाकूचं टोक लावून पाहा. शिशावर चकचकीत ओरखडा उठतो, बिडावर चाकूच बोथट होतो.

गवतात वर्षानुवर्षं उभी असलेली होडी बेवारशी दिसली तरी बेवारशी नसते, हे लक्षात ठेवा. तिच्यावर यार्डचं भाडं थकलेलं असेल, मालक आजारी असेल, वारसांत वाद असेल. लेखी विक्रीपत्राशिवाय एक क्लीटसुद्धा काढू नका. किनाऱ्याला लागलेल्या फुटक्या जहाजाचं सामान तर बहुतेक देशांत सरकारदरबारी कळवावं लागतं. ब्रिटनमध्ये त्यासाठी २८ दिवसांची मुदत आहे.

भाग काढताना हातोडी-छिन्नीने उपसू नका, त्याच्याखालचा डेक फाटतो आणि भागही वाकतो. आधी फोटो काढा. बोल्ट, वॉशर, डेकखालची पट्टी, सगळं त्या भागालाच तारेने बांधून चिठ्ठी लावा. जुना सीलंट हीट गनने ऊबदार करून बारीक तार करवतीसारखी ओढत कापा. आणि डोलकाठी तोडली जात असेल तर हातभर नळी कापून मागून घ्या. ती आतल्या जोडाला, तुमच्या डोलकाठीचा गंजलेला बुंधा दुरुस्त करायला, नवं फिटिंग बसतं का ते टेबलावर तपासायला उपयोगी पडते. मी अशा नळ्यांचे तुकडे कधीच टाकत नाही.

आता विंच हातात घेऊ, कारण जुन्या भागांत घेण्याजोगी ही सगळ्यात चांगली गोष्ट.

विकणारा तो फिरवून दाखवतो. टक-टक असा आवाज येतो, छान वाटतं. तुम्ही ड्रम दोन्ही हातांनी धरून आडवा हलवून पाहा. डुगडुगत असेल तर आतले रोलर किंवा मधला दांडा झिजलाय. मग वरची चकती उघडायची परवानगी मागा. खाली मोठं फडकं पसरा, कारण ड्रम वर उचलला की रोलरचा पिंजरा त्याला चिकटून वर येतो आणि मग निसटून पडतो, आणि पॉलची, म्हणजे ड्रमला उलटं फिरू न देणाऱ्या नखासारख्या छोट्या खिट्टीची, स्प्रिंग उडाली तर परत सापडत नाही. आतलं ग्रीस बहुधा काळ्या गुळासारखं घट्ट झालेलं असतं. ते दिसून घाबरू नका. रॉकेलमध्ये रात्रभर ठेवलं की सगळं सुटतं. बघायची ती पॉल. तिची कड चौकोनी, धारदार हवी. गोल झाली असेल तर ती दात्यावरून कधीतरी निसटते, आणि ताणाखाली असलेल्या विंचचं हँडल उलटं फिरून मनगट मोडतं. पॉल आणि स्प्रिंग जुन्या विंचसाठीही बहुधा नव्या मिळतात. ड्रमच्या आत पॉल ज्याच्यावर अडकते त्या दात्यांची कड गेली असेल, किंवा गिअरचा एखादा दाता तुटलेला असेल, तर तो विंच सुट्या भागांसाठीच घ्या. बॅरियंट आणि बार्लो या नावांचे विंच आता बनत नाहीत, म्हणून त्यांचे गिअर दुसऱ्या विंचमधूनच येतात. शक्य असेल तर तीन घ्या: दोन डेकवर, एक पेटीत.

बाहेरचं क्रोम उडालेलं असेल तर ते भावाच्या घासाघिशीचं निमित्त समजा. खाली ब्राँझ असेल तर क्रोम काढून तसंच ठेवता येतं, आणि फार देखणं दिसतं. हँडलचं चौकोनी भोक मात्र निरखून पाहा. आजचं हँडल अकरा सोळांश इंच चौकोनावर बसतं, काही जुन्या विंचचं भोक वेगळं असतं. ताकदीचा अंदाज स्वतः काढा: हँडलची लांबी भागिले ड्रमची त्रिज्या, गुणिले गिअरचं प्रमाण. गिअर नसलेल्या, ७६ मिलिमीटर ड्रमच्या विंचला दहा इंची म्हणजे २५४ मिलिमीटरचं हँडल लावलं तर जवळपास पावणेसात पट. हल्लीच्या विंचवरचा ४० हा आकडा म्हणजे साधारण चाळीस पट, पण जुन्या विंचवरचे आकडे तसे वाचू नका. ते कंपनीचे मॉडेल क्रमांक असतात.

डोलकाठीच्या ताणतारांबद्दल माझं मत पक्कं आहे: जुनी तार कधीच घेऊ नका. दिसायला चकचकीत असली तरी नाही. एकोणीस पदरी स्टेनलेस तारेचं आयुष्य दहा ते पंधरा वर्षांचं धरतात, आणि कुणाच्या तरी डोलकाठीवर ती किती वर्षं राहिली हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही. तार तुटते ती टोकाच्या दाबून बसवलेल्या नळीच्या तोंडाशी, जिथे खारं पाणी उतरून साचतं. टर्नबकल मात्र जुने जरूर घ्या, आणि ब्राँझचे मिळाले तर नव्या स्टेनलेसपेक्षा ते आधी उचला. स्टेनलेसचा आटा स्टेनलेसच्या आट्यात ताणाखाली फिरवला की कधीकधी दोन्ही एकमेकांना चिकटून एकजीव होतात. ब्राँझच्या कवचात तसं होत नाही. उघड्या अंगाचे, म्हणजे आत आटे किती शिल्लक आहेत ते दिसणारे निवडा.

तुमच्या चेनप्लेटखालचे तपकिरी ओघळ. त्याची मला तुमच्या यादीत सगळ्यात जास्त काळजी वाटते. स्टेनलेस गंजत नाही ते त्याच्या पृष्ठभागावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या बारीक पापुद्र्यामुळे, आणि तो पापुद्रा टिकायला हवेतला ऑक्सिजन लागतो. चेनप्लेट जिथे डेकमधून आरपार जाते तिथे सीलंट असतो, त्यात ओलावा झिरपलेला असतो, आणि हवा पोहोचत नाही. वरचा भाग आरशासारखा, खालचा भाग आरशासारखा, आणि मधल्या तीन सेंटिमीटरमध्ये काळे खड्डे. म्हणून चेनप्लेट नवी घ्या की जुनी, आधी जुनी पूर्ण बाहेर काढून तो मधला पट्टा बघा. एकदा एका विक्रेत्याकडून मी पॉलिश केलेल्या चेनप्लेटची जोडी घेतली. चकाकी इतकी छान होती की मी तिथे तपासल्या नाहीत. कामाच्या टेबलावर लाल रंगाचा भेदक द्रव लावला, पंधरा मिनिटं थांबलो, पुसला, वर पांढरा डेव्हलपर फवारला. वरच्या बोल्टच्या भोकापासून कडेपर्यंत केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटली. दोन्हींवर, एकाच जागी. तो द्रव आणि डेव्हलपर वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात फवाऱ्याच्या डब्यात मिळतात. डोलकाठी ज्यांच्यावर उभी राहणार त्या प्रत्येक जुन्या स्टेनलेसच्या भागावर तो प्रयोग करा. चुंबकावर फार विसंबू नका. स्टेनलेसचे ३०४ आणि ३१६ हे दोन्ही प्रकार चुंबकाला जवळपास धरत नाहीत, त्यामुळे त्यांच्यातला फरक चुंबकाने कळत नाही. आणि तुमच्या चेनप्लेट खराब निघाल्या तर जुन्या शोधत बसू नका. त्या सपाट पट्ट्याच असतात, ३१६ च्या पट्टीतून कारागीर नव्या कापून देतो.

पितळ आणि ब्राँझ यांतला फरक ओळखायला कानस वापरा. न दिसणाऱ्या जागी एक हलका फराटा. लिंबासारखा पिवळा रंग म्हणजे पितळ, तांबूस-तपकिरी सोनेरी म्हणजे ब्राँझ किंवा गनमेटल. पितळातलं जस्त समुद्राच्या पाण्यात निघून जातं आणि मागे तांब्याची गुलाबी, भुसभुशीत जाळी उरते. बाहेरचा आकार तसाच राहतो. एका होडीचा सीकॉक मी यार्डमध्ये, होडी पाण्याबाहेर असताना, मोकळा करायला गेलो. पान्याला नुसता हात लावला आणि तो मुळापाशी तुटून माझ्या हातात आला. तुटलेली कड विटेच्या रंगाची होती आणि नखाने खरवडली जात होती. ती होडी आदल्या आठवड्यापर्यंत पाण्यात तरंगत होती. म्हणून सीकॉक जुने घ्यायचेच असतील तर भक्कम ब्राँझचे, शंकूच्या आकाराचा आतला गट्टू काढून घासून बसवता येतो असे, आणि हातोडीने टिचकी मारल्यावर घंटेसारखा आवाज देणारे. बद्द आवाज आला की बाजूला ठेवा. ज्याला मँगनीज ब्राँझ म्हणतात ते खरं तर पितळच असतं, त्यात ४० टक्क्यांच्या आसपास जस्त असतं. जुने प्रोपेलर बरेचदा त्याचेच, म्हणून पात्यांच्या कडेला गुलाबी डाग आहेत का ते पाहा.

अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी पावडर दिसली तर घाबरण्याआधी ती कुठे आहे ते पाहा. पृष्ठभागावर पसरलेली असेल तर घासून जाते. स्टेनलेसच्या फिटिंगभोवती फुगवटे आणि खड्डे असतील तर दोन धातूंच्या संगतीने अ‍ॅल्युमिनियम खाल्लं गेलंय. टोकदार टोच्याने टोचून पाहा, आत घुसला तर ती नळी सोडा. तुमच्या डोलकाठीचा बुंधाही असाच तपासा. तळचे काही सेंटिमीटर खराब असले तर तेवढे कापून खाली तेवढ्याच उंचीचा ठोकळा बसवतात, आणि डोलकाठी वाचते.

काही गोष्टी जुन्या घेऊच नका: कीलचे बोल्ट, गॅसची शेगडी आणि तिच्या नळ्या, पाण्याच्या आणि इंधनाच्या रबरी नळ्या, विजेच्या वायरी, लाइफ जॅकेट, वर शीड चढवायचे दोर. जुन्या स्टफिंग बॉक्सची, म्हणजे प्रोपेलरचा शाफ्ट हलमधून बाहेर जातो तिथल्या पाणी अडवणाऱ्या डबीची, दोरी आणि एक्झॉस्टवरचं गुंडाळण अ‍ॅस्बेस्टॉसचं असू शकतं, ते कोरडं खरवडू नका. काही जुन्या होकायंत्रांचे अंधारात चमकणारे आकडे रेडियमच्या रंगाचे असतात, त्यांची काच उघडू नका.

आणि शोधूनही मिळालं नाही तर? बोल्टची भोकं जुळत नाहीत एवढ्यावरून चांगला भाग नाकारू नका. डेकची जुनी भोकं घट्ट इपॉक्सीने भरून, वाळल्यावर नव्या जागी पाडता येतात, खाली रुंद पट्टी दिली की झालं. ब्राँझचा भाग तर नवा ओतून घेता येतो. तुटलेला तुकडा जोडून, चिकटवून फाउंड्रीला फर्मा म्हणून द्यायचा, वाळूच्या साच्यात ओततात. फक्त एक लक्षात ठेवा: ब्राँझ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. २०० मिलिमीटरचा भाग तीन मिलिमीटर लहान होऊन निघतो. म्हणून फर्म्यावर आधी पुट्टीचा थर चढवून तो तेवढा मोठा करायचा, आणि जिथे पिन बसणार तिथे जास्तीचा माल ठेवून नंतर लेथवर भोक पाडायचं.

तुमच्या यादीचा क्रम मी असा लावेन. आधी सीकॉक आणि चेनप्लेट, कारण एकाने होडी बुडते आणि दुसऱ्याने डोलकाठी पडते. सीकॉक सुटत नसतील तर नवे घ्या. मग टर्नबकल, रिगरच्या डब्यातून, पिनेचं माप हातात घेऊन. मग विंच, उरलेल्या विंचवरचं नाव आणि क्रमांक वाचून त्याचा जोडीदार, किंवा सरळ दुसरी जोडी. पोर्टलाइटला घाई नाही, तोवर अ‍ॅक्रिलिकचा तुकडा सीलंट लावून बाहेरून स्क्रूने बसवा. गूजनेक सगळ्यात शेवटी, कारण तो कुठला हवा ते डोलकाठीची नळी ओळखल्याशिवाय सांगता येत नाही. नळीची पुढून-मागे आणि आडवी मापं, खाचेची रुंदी आणि तुटलेल्या गूजनेकच्या पिनेचा व्यास कॅलिपरने घेऊन मला कळवा, मग तो कुठल्या कंपनीचा ते बघू.